वाफ्यातला लव्हाळा: नुसतं खुरपून जाणार नाही, गाठी काढा

मेथी, कोथिंबीर, मिरचीच्या वाफ्यात लव्हाळा शिरला की खुरपून खुरपून हात दुखतात, पण तो हटत नाही. कारण तो पसरतो मुख्यतः जमिनीतल्या गाठींमधून. या गाठी बारीक दोऱ्यांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचं गवत उपटलं की दोरा तुटतो, गाठ आत राहते आणि पुन्हा फुटते. ओल्या वाफ्यात रोटाव्हेटर फिरवला तर गाठी आणखी पसरतात.

काय करावं?

उन्हाळ्यात: आखाजीच्या सुमारास वाफा रिकामा करा, पाणी तोडा. कुदळीने वीतभर खोल खणून माती उलटी करा. जळगाव-धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन उघड्या पडलेल्या गाठी सुकवतं. आठवड्याने पुन्हा उलटा. मधे पाणी देऊ नका, ओलाव्यात गाठी वाचतात.

वेचणी: सापडलेल्या गाठी वाळवून जाळा. उकिरड्यावर टाकल्या तर शेणखतातून परत येतील.

पावसाळ्यात: कोंब दिसला की लगेच गाठीसकट काढा. साधारण तीन आठवड्यांत तो नव्या गाठी धरू लागतो, म्हणून दर पंधरवड्याला फेरी मारा.

सावली: लव्हाळ्याला सावली मानवत नाही. चवळीसारखं दाट पीक घ्या.

हे टाळा: पातळ मल्चिंग पेपरवर भिस्त ठेवू नका, लव्हाळ्याचं टोक तो भोसकून वर येतं. उभ्या भाजीत ग्लायफोसेट मारू नका, भाजीही जळेल.

एका हंगामात लव्हाळा संपत नाही. दोन-तीन वर्षं नेटाने लागा.