खलनायकाची खुर्ची रिकामी राहत नाही

'छावा' पाहून झाल्यावर तुमच्या मुलांनी पहिला प्रश्न कोणता विचारला? आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, अबू धाबी बेटाबाहेरच्या या वस्तीत, मराठी घरांमधून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू आला: "महाराजांना पकडून कुणी दिलं?" इथे वाढणाऱ्या मुलांच्या दप्तरात चौथीचे 'शिवछत्रपती' पुस्तक नसते. त्यांना संभाजी महाराज भेटतात ते थेट पडद्यावर, आणि पडदा उत्तर देताना एका माणसाकडे बोट दाखवतो. ते बोट गेल्या दोनशे वर्षांत कुणाकुणाकडे वळले, हे आपण पालकांनी माहीत करून घ्यायला हवे.

आपल्या नाट्यशास्त्रात याला जुना शब्द आहे, प्रतिनायक. दहाव्या शतकातल्या धनंजयाने 'दशरूपका'त त्याची लक्षणे दिली आहेत: लोभी, उद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी. ही यादी लक्षात ठेवा. कारण मराठी लेखनात दीर्घ काळ ही लक्षणे खुद्द संभाजी महाराजांनाच चिकटवली गेली.

सुरुवात बखरीपासून करू. महाराजांची हत्या झाली 11 मार्च 1689 रोजी. त्यांना रगेल आणि व्यसनी ठरवणारी सर्वांत प्रभावी बखर लिहिली मल्हार रामराव चिटणीस यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. मध्ये सव्वाशे वर्षांच्या आसपासचा काळ गेला होता. आता लेखकाचे आडनाव पाहा. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी 1681 मध्ये कटाच्या संशयावरून देहदंड दिला. मल्हार रामराव त्याच घराण्यातले. ज्या घराने माणूस गमावला, त्याच घराने पुढे चरित्र लिहिले. म्हणून बखरीतले प्रत्येक वाक्य खोटे ठरत नाही. पण हे आडनाव ठाऊक नसेल तर बखर निःपक्षपाती वाटते, आणि अनेक पिढ्यांना ती तशीच वाटली.

बखरींना आणखी एक पात्र हवे होते, राजाला बिघडवणारा. ती जागा कवी कलशांना मिळाली. उत्तरेकडून आलेला ब्राह्मण, राजाच्या मर्जीतला, इथल्या कोणत्याच घराण्याच्या नात्यात नसलेला. लोकांच्या तोंडी 'कलश'चा 'कलुषा' झाला. नावातच कलुष आले, मग पुरावा कोण मागणार? हाच माणूस संगमेश्वरला महाराजांबरोबर पकडला गेला आणि त्यांच्याबरोबरच हाल सोसून मेला. राजाला बुडवायला निघालेला माणूस राजाबरोबर मरेल का, हा साधा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. परक्या देशात 'बाहेरचे' म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी तो लवकर सुचायला हवा.

नाटककारांना बखरीतला हा राजा सोयीचा होता. राम गणेश गडकरी 1919 मध्ये गेले तेव्हा 'राजसंन्यास' अपुरे होते. त्यातले संभाजीराजे तुळशीच्या मोहात हरवलेले आहेत. वि. ह. औंधकरांचे 'बेबंदशाही' हे नाटक 1924 चे. त्याच्या नावातच राजवटीवरचा निकाल आहे. मात्र या लेखकांना महाराजांचा द्वेष होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना शोकांतिका लिहायची होती, आणि शोकांतिकेच्या नायकात दोष लागतो. नाटकाची गरज आणि बखरीचा आरोप यांची गाठ पडली, एवढेच.

चित्र बदलले ते कागदांमुळे. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक दशके साधने गोळा करून 1960 मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे डॉ. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. बखरीबाहेरच्या साधनांतून वेगळाच राजा समोर आला. 1681 नंतर खुद्द औरंगजेब दक्षिणेत उतरला असताना त्याच्याशी, जंजिऱ्याच्या सिद्दीशी आणि पोर्तुगीजांशी लढत राहिलेला, 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ ज्याच्या नावावर आहे असा. औरंगजेबाने 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा घेतला. त्या वेळीही संभाजीराजे मोकळे होते आणि लढत होते.

रंगभूमीने दखल घेतली. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (1962) मध्ये काशिनाथ घाणेकरांनी समजून न घेतला गेलेला मुलगा उभा केला. 1968 च्या 'इथे ओशाळला मृत्यू' मध्ये तोच राजा मृत्यूसमोर ताठ उभा राहिला. 1979 मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी आली, 2017 ते 2020 या काळात 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिका घरोघर पोहोचली. नायकाचे पुनर्वसन पुरे झाले.

पण नायक उजळला म्हणून खलनायकाची खुर्ची रिकामी राहिली नाही. कलश निष्ठावंत मित्र झाले, तेव्हा तिथे सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो बसले. फेब्रुवारी 2025 मध्ये लक्ष्मण उतेकरांच्या 'छावा' चित्रपटात ती गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या वाट्याला आली. शिर्के घराण्याच्या आजच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी त्यांची माफी मागितली. पाठोपाठ वाद पेटला: पकडून दिले ते शिर्क्यांनी की कारकुनांनी? बघता बघता तो जातींचा वाद झाला. त्याआधी, जानेवारी 2017 मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला होता. म्हणजे एकदा नाटककारालाही त्या खुर्चीत बसावे लागले.

आता गणोजी शिर्के यांचेच पाहा. ते येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई. वतनाच्या प्रश्नावरून ते मोगलांकडे गेले. पडद्यावर त्यांची कहाणी संगमेश्वरला संपते. इतिहासात ती पुढे जाते. जिंजीच्या वेढ्यात राजाराम महाराज अडकले, तेव्हा मोगलांच्या छावणीतल्या याच गणोजींनी त्यांना निसटायला मदत केली, अशी परंपरा आहे. त्या मदतीसाठी दाभोळचे आपले वतन ज्याने देऊ केले तो होता खंडो बल्लाळ, देहदंड झालेल्या बाळाजी आवजींचा मुलगा. वडील गमावूनही तो संभाजी महाराजांच्या आणि नंतर राजारामांच्या सेवेत राहिला. एकाच घराण्यात खंडो बल्लाळ आणि मल्हार रामराव. एकाच माणसात मोगलांना मिळालेला गणोजी आणि छत्रपतींना सोडवणारा गणोजी. यांना नायक-खलनायकांच्या दोन रांगांत कसे बसवणार?

नाटकाला, चित्रपटाला खलनायक लागतो. अडीच तासांत प्रेक्षकाचा राग कुठेतरी ठेवायला हवा, आणि त्यात गैर काही नाही. घोटाळा होतो तो चित्रपटगृहातला राग आपण बाहेर घेऊन येतो तेव्हा. तीनशे पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका माणसावरचा आरोप आजच्या आडनावावर, जातीवर किंवा धर्मावर येऊन बसतो, आणि त्याची किंमत त्या काळात जन्मलेलाही नसलेला कुणीतरी मोजतो.

म्हणून मुलांबरोबर ऐतिहासिक चित्रपट पाहाल तेव्हा तीन प्रश्न जवळ ठेवा. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली आणि घटनेनंतर किती वर्षांनी? सांगणाऱ्याचे त्यात काय गेले होते किंवा काय मिळणार होते? आणि ज्याला खलनायक केले आहे, तो गोष्ट संपल्यावर काय करत होता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर बहुधा नसते. ते मुलांबरोबर बसून शोधावे लागते, आणि इतिहासाचा अभ्यास तिथून सुरू होतो.