मळसूत्राची गोष्ट : हातरेच्यापासून लेथपर्यंत

वाचकहो, आपल्या घरातील सायकल, शिलाईचे यंत्र, छताचा पंखा किंवा पाण्याचा नळ यांपैकी एखादी वस्तू कारागीर खोलत असताना क्षणभर त्याच्याजवळ उभे राहून पाहा. प्रत्येक सांध्यातून एक लहानसा लोखंडी दांडा निघतो आणि त्याच्या अंगावर नागमोडी खाच गोल गोल फिरत गेलेली दिसते. कारखान्यातील लोक तिला आटे म्हणतात. आपल्या मराठीत स्क्रूसाठी जुना व फार सुंदर शब्द आहे, मळसूत्र. राजेराजवाड्यांचा इतिहास आपण पाठ करतो. परंतु ज्या आट्यांवर आगगाडीपासून घड्याळापर्यंत सारे जग कसलेले आहे, त्यांचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. आज त्याच विषयावर आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. माझा विषय इतिहास आहे, यंत्रशास्त्र नव्हे. तेव्हा पालकांपैकी जे टर्नर-फिटर असतील त्यांनी माझ्या पाल्हाळाकडे कानाडोळा करावा.

आपला वर्धा जिल्हा कापसाचा. म्हणून सुरुवात कापसापासूनच करू. जिनिंग फॅक्टऱ्या येण्यापूर्वी कापसातील सरकी हातरेच्यावर काढीत. हिंदीत त्याला चरखी म्हणतात. दोन लाटणी एकमेकांना चिकटून उलट दिशांनी फिरतात, मधून रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. अजिंठ्याच्या चित्रांत जो रेचा अभ्यासकांनी ओळखला आहे, तो एकेरी लाटण्याचा, पाटावर फिरविण्याचा आहे. दोन लाटण्यांचा रेचा त्यानंतरचा. यातील गंमत अशी की, मूठ एकाच लाटण्याला असते. मग दुसरे लाटणे फिरते कसे? तर दोन्ही लाटण्यांच्या टोकांना लाकडातच तिरप्या खाचा कोरलेल्या असतात. त्या एकमेकींत अडकतात आणि एक लाटणे दुसऱ्याला फिरवते. म्हणजे मळसूत्रच! ज्या सुताराने हे घडविले त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. पण लाकडावर सम अंतराने तिरपी खाच कोरणे हे काम आपल्या देशातील कारागिराला शेकडो वर्षांपूर्वी येत होते, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पश्चिमेकडे मळसूत्राचा जुना उल्लेख ग्रीक ग्रंथांत मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने यंत्रशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यात मळसूत्राने दाबण्याचे घाणे तर आहेतच, शिवाय लाकडी नटाच्या आत आटे पाडण्याचे एक उपकरणही वर्णिले आहे. मूळ ग्रीक ग्रंथाचे काही तुकडेच उरले. संपूर्ण ग्रंथ आज आपल्याला मिळतो तो केवळ अरबी भाषांतरामुळे. हे भाषांतर नवव्या शतकात बालबेक गावच्या कुस्ता इब्न लूका याने केले. तो स्वतः ख्रिस्ती होता व अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये काम करीत होता. ग्रीकाचे पुस्तक, ख्रिस्ती भाषांतरकार, अरबी भाषा आणि खलिफाची राजधानी! विद्या कोणाच्या घरची आहे हे त्या काळी फारसे कोणी विचारीत नसे. लेथला आपण हिंदी-उर्दूत खराद म्हणतो, तो शब्दही अरबी ‘खर्रात’ म्हणजे कातारी, यावरून आला आहे.

आता मोगल काळाकडे वळू. येथे इतिहासकार इरफान हबीब यांनी नोंदविलेली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात धातूचे तुकडे जोडण्यासाठी स्क्रूचा उपयोग होऊ लागला. पण आपले कारागीर खिळ्यावर आटे कापीत नसत. ते खिळ्याभोवती बारीक तार गुंडाळून तिला डाख देत आणि त्या उंचवट्याचेच आटे बनवीत! कल्पना करा, किती चिकाटीचे हे काम. आणि एवढे करूनही तो स्क्रू नीट बसत नसे. हबीब यांनी कारण दिले आहे ते असे की, युरोपात खाच कापण्यासाठी जसा लेथ वापरीत तसा लेथ येथे नव्हता.

येथे जिज्ञासू विद्यार्थी विचारील, ‘सर, ज्या देशात लाकडी रेच्याला मळसूत्री खाच कोरता येत होती, त्या देशात लोखंडावर ती का कापता आली नाही?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या कातारी लोकांच्या हातात कसब कमी नव्हते. मोगल काळातील बंदुका, तलवारीच्या मुठी, बिदरीची भांडी पाहा. पण आपला खराद दोरी ओढून मागे-पुढे फिरवायचा असे आणि हत्यार हातात धरायचे असे. लाकूड मऊ असते, एखादा केस इकडेतिकडे झाला तरी खपते. लोखंडावर मात्र हाताचे कसब पुरे पडत नाही. हत्यार किती सरकावे हे यंत्रानेच ठरवावे लागते. माझ्या मते दुसरेही कारण आहे. आपल्याकडे ज्याच्या हाती हत्यार होते त्याच्या हाती पुस्तक नव्हते आणि ज्याच्या हाती पुस्तक होते त्याला हत्याराला हात लावणे कमीपणाचे वाटे. मौलवी, पंडित आणि मुन्शी एका बाजूला. लोहार, सुतार, पिंजारी दुसऱ्या बाजूला. हिशेब आणि हात यांची गाठच पडली नाही.

इंग्लंडात ती पडली. अठराव्या शतकात जेसी रॅम्सडेनने सूक्ष्म उपकरणांसाठी आटे कापण्याचे लेथ बनविले होते. परंतु या कामाला खरे वळण लावले ते हेन्री मॉडस्ले याने. त्याचा जन्म १७७१ चा, वूलिचचा. बाराव्या वर्षी हा मुलगा तेथील तोफखान्यात काडतुसे भरण्याच्या कामाला लागला. पुढे लंडनला ब्रामा नावाच्या प्रसिद्ध कुलूपवाल्याकडे तो कारागीर होता. आठवड्याच्या ३० शिलिंग पगारात वाढ मागितली, ती मिळाली नाही, म्हणून १७९७ च्या सुमारास त्याने स्वतःचे लहानसे दुकान थाटले. तेथेच त्याने आटे कापणाऱ्या लेथला पक्के रूप दिले.

या लेथचे तत्त्व आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असे आहे. ज्या दांड्यावर आटे पाडायचे तो एका जागी फिरतो. त्याला समांतर एक लांब मळसूत्री दांडा असतो, त्याला लीड स्क्रू म्हणतात. हा दांडा फिरला की हत्यार धरलेला गाडा त्याच्या आट्यांवरून सरकतो. दोन्ही दांडे दातेरी चाकांनी जोडलेले असतात. समजा, लीड स्क्रूला एका इंचात ४ आटे आहेत आणि आपल्याला इंचात १२ आटे हवे आहेत. तर दांड्याचे १२ फेरे होतील तेव्हा लीड स्क्रूचे ४ फेरे झाले पाहिजेत, म्हणजे प्रमाण १:३. एका बाजूला २० दात्यांचे चाक लावा, दुसऱ्या बाजूला ६० दात्यांचे. झाले! चाके बदला की आटे बदलतात. एका दमात खाच पूर्ण कापत नाहीत. थोडी थोडी खोली वाढवीत हत्यार त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा न्यावे लागते. गुणोत्तर-प्रमाण कशाला शिकायचे असे ज्या मुलांना वाटते, त्यांनी एकदा लेथवरच्या माणसाला विचारावे.

मॉडस्लेने एक मळसूत्र असे कापले होते की त्याची लांबी ५ फूट, जाडी २ इंच आणि आटे एका इंचात ५०. त्याच्यासाठी १ फूट लांबीचा नट केला होता, म्हणजे नटात आटे ६००. ६०० आटे एकमेकांत बसवायचे तर चूक किती लहान असावी लागेल याचा अंदाज आपणच करा.

तरीही एक अडचण राहिली. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एका दुकानचा बोल्ट दुसऱ्या दुकानच्या नटात जाईना. मॉडस्लेच्या हाताखाली तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि १८४१ साली एक सर्वमान्य होण्याजोगे कोष्टक मांडले. आट्याचा कोन ५५ अंश. अर्ध्या इंची बोल्टला इंचात १२ आटे. इंग्रजांच्या रेल्वेने, गिरण्यांनी हळूहळू ते उचलले. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, घडायला सोपा असा वेगळा आटा सुचविला. तेथील अर्ध्या इंची बोल्टला आटे १३. एका आट्याचा फरक! पण त्या फरकापायी दुसऱ्या महायुद्धात दोन दोस्त राष्ट्रांना एकमेकांचे सुटे भाग वापरता येईनात. शेवटी १९४८ च्या नोव्हेंबरात इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला.

व्हिटवर्थचे आटे आपल्या जिल्ह्यात आले ते कापसाच्या वाटेने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले व तिकडचा कापूस अडला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जात होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखले गेले, १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि शतक संपण्यापूर्वी हिंगणघाट-पुलगावला सुताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. जिन, प्रेस, बॉयलर, चाती, सारे सामान विलायती. बोल्ट तुटला तर तोच कोन आणि तेवढेच आटे हवेत. साहेबाचा कारखाना सात समुद्रांपलीकडे. हंगामात जिन बंद ठेवून कसे चालेल? तेव्हा लेथ आणि टॅप-डाय जिनच्या दारापर्यंत आले आणि गावचा लोहार-सुतार त्यांच्या संगतीने फिटर झाला.

लेथ मात्र परदेशीच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला गेले आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, ही हकीकत आपणांस माहीत आहे. याच किर्लोस्कर घराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी लेथ बनविण्यासाठीच काढली. १९५३ मध्ये बंगलोरला हिंदुस्थान मशीन टूल्स सुरू झाली. त्यानंतर कुठे देशी लेथ लहान शहरांच्या वर्कशॉपमध्ये दिसू लागले.

मग आली मेट्रिक पद्धत. कायदा १९५६ चा, अंमल १९५८ च्या ऑक्टोबरपासून. शेर-छटाकवाले वाणी कुरकुरले हे सर्वांच्या लक्षात राहिले. पण खरी पंचाईत टर्नरची झाली. लीड स्क्रू इंचाचा आणि आटे मिलिमीटरचे मागतात! तोड निघाली ती एका चाकाने, १२७ दात्यांच्या. कारण १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि २५.४ ची पाचपट बरोबर १२७. ज्या वर्कशॉपमध्ये हे चाक होते तेथे जुना विलायती लेथ नव्या मापाचे आटे कापू लागला. आता संगणकावर चालणारे लेथ हे गणित स्वतःच करतात आणि बाजारातील बहुतेक बोल्टचे आटे तर कापलेलेच नसतात. दोन कठीण साच्यांत दांडा दाबून लाटतात. पण दुरुस्तीला आलेला एखादा विचित्र दांडा असेल तर अजून लेथच लागतो.

पालकबंधू-भगिनींनो, हात आणि हिशेब यांची ताटातूट मिटविण्याचा एक मोठा विचार आपल्या वर्ध्यातच झाला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे जे राष्ट्रपती झाले. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या उद्योगाच्या द्वारे, ही ती वर्धा योजना. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, मुस्लिम लीगचाही विरोध होता, आणि काही टीका योग्यही होती. मुलांनी काढलेल्या सुतावर शाळेचा खर्च भागवावा ही कल्पना मला स्वतःला पटत नाही. पण डॉ. झाकीर हुसेन यांचा आग्रह उद्योगातून विद्या शिकविण्याचा होता, विद्येऐवजी उद्योग देण्याचा नव्हता. आज आपल्यात दोन टोके दिसतात. एक पालक सातवीतून मुलाला काढून गॅरेजमध्ये बसवितो, ‘हाताला काम लागले’ म्हणून. तो मुलगा चाके बदलायला शिकतो, पण २० आणि ६० चेच चाक का, हे त्याला कोणी सांगत नाही. उद्या संगणकी लेथ आला की त्याचे कसब अर्ध्यावर येते. दुसरा पालक आय.टी.आय.चे नाव काढले की नाक मुरडतो. दोघांनाही माझे सांगणे आहे : दहावी पूर्ण होऊ द्या, गणित व चित्रकला या तासांना मुलाला गैरहजर ठेवू नका आणि मग तो टर्नर होतो म्हणाला तर खुशाल होऊ द्या.

इंच गेला, मेट्रिक आले, तरी एका ठिकाणी व्हिटवर्थसाहेब अजून आपल्या घरात आहेत. उद्या नळ गळू लागला तर हार्डवेअरच्या दुकानात आपण ‘अर्धा इंची’ नळच मागाल. त्याचे आटे मोजून पाहा. कोन ५५ अंशांचा आहे आणि प्रमाण इंचाला १४ आट्यांचे.