सोयाबीनचं वाण कसं ओळखायचं? शेतातल्या खुणा आणि लॅबमधल्या टेस्ट

मागच्या खरिपात वडिलांनी शेतातून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. बियाण्याच्या पिशवीवर जेएस ३३५ लिहिलेलं, पण जांभळ्या फुलांमध्ये मधेमधे पांढरी फुलं! "तू इंजिनिअर ना, सांग हे काय आहे." मी फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकला. उत्तर आलं, 'सोयाबीन'. अ‍ॅपने पीक ओळखलं, वाण नाही. मग मीच वाचायला बसलो.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

१. फुलाचा रंग: जांभळा किंवा पांढरा. जेएस ३३५ चं फूल जांभळं असतं. गंमत म्हणजे हा रंग रोपातच कळतो. बीजदलांच्या खालच्या दांड्यावर जांभळी छटा असेल तर फूल जांभळं, नुसता हिरवा असेल तर पांढरं. दोन्ही एकाच जनुकामुळे ठरतं.

२. लव: खोडावर आणि शेंगेवर लव आहे का, असेल तर करडी की तपकिरी? जेएस ३३५ ची शेंग गुळगुळीत असते.

३. शेंगेतले दाणे: जेएस ९३-०५ मध्ये चार दाण्यांच्या शेंगा दिसतात.

४. नाभी: दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो तो ठिपका. जेएस ३३५ मध्ये तो काळा असतो.

दाण्याचा आकार आणि वजन मात्र पाऊस, जमीन यांनुसार बदलतं. त्यावर एकट्यावर विसंबू नका.

लॅबमधल्या टेस्ट

पिवळा दाणा आणि काळी नाभी तर अनेक वाणांत असते. मग? इथे जैवरासायनिक खुणा कामाला येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशनच समजा.

पेरॉक्सिडेज टेस्ट: दाण्याची साल काढून तिच्यावर ग्वायाकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. काही वाणांत लालसर तपकिरी रंग येतो, काहींत येत नाही. म्हणजे उत्तर 'हो' किंवा 'नाही'. एका टेस्टने वाणाचं नाव कळत नाही, पण यादी लहान होते.

प्रोटीनचे पट्टे: इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या पद्धतीत दाण्यातली प्रथिनं जेलमध्ये विजेच्या मदतीने वेगळी करतात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या एनआरसी १२७ या वाणात कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर हे प्रथिन नसतं, त्यामुळे त्याचा पट्टाच दिसत नाही. इथे प्रथिन 'किती' यापेक्षा 'कोणतं' हे महत्त्वाचं, कारण प्रमाण हवामानानुसार थोडं बदलतं.

भारतात २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार नवीन वाणाची नोंदणी करताना ते इतरांपेक्षा वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे का हे अशाच खुणांवरून तपासतात.

तुम्ही काय करायचं?

पेरणीनंतर साधारण ३५ ते ४० दिवसांनी, फुलं असतानाच शेत बघा. फुलं गळाली की ही खूण गेली. फूल, शेंग, नाभी यांचे जवळून फोटो काढा. पिशवी, टॅग आणि बिल जपून ठेवा. भेसळ जास्त वाटली तर पीक उभं असतानाच तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आमच्याकडे पांढऱ्या फुलांची झाडं थोडीच होती. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी राखलेल्या पट्ट्यातून वडिलांनी ती तेव्हाच उपटून टाकली. मळणी झाल्यावर ते दाणे त्यांनाही वेगळे करता आले नसते, आणि माझ्या अ‍ॅपलाही नाही.