जमिनीकडे ओढणारा पंख

माझे अब्बा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने ट्रक नेत. पावसाळ्यात रिकामा ट्रक घेऊन परतायचं त्यांच्या अगदी जिवावर येई. ‘भरलेली गाडी रस्ता धरून चालते, रिकामी नाचते,’ असं ते म्हणत. मी कवितेच्या नादाला लागलो, बी.ए. झालो आणि गाड्यांशी माझा संबंध एस.टी.च्या खिडकीपुरता उरला. पण काही वर्षांपूर्वी शाळकरी भाच्याने एक छायाचित्र पुढे केलं आणि विचारलं, ‘मामू, ही गाडी उडते का?’ तेव्हा अब्बांचं ते वाक्य आठवलं.

छायाचित्रातली गाडी पांढरी, बसकी. मागे दोन उंच खांब आणि त्यांवर आडवा पंख, चालकाच्या डोक्याहूनही वर. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जिम हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बांधलेली ही १९६७ची चॅपरल टू-एफ. सहा सहा, चोवीस चोवीस तास चालणाऱ्या दमाच्या शर्यतींसाठी केलेली. ती उडत नव्हती. पंख होता तो तिला जमिनीवर दाबून धरण्यासाठी.

विमानाचा पंख वाऱ्याच्या जोरावर विमान वर उचलतो. तोच पंख उलटा बसवला, तर वारा गाडीला खाली दाबतो. दाब वाढला की टायर रस्ता घट्ट धरतात आणि वळण वेगाने घेता येतं. गाडीत दगड भरूनही दाब वाढेल, पण जड गाडी वळणावर तितक्याच जोराने बाहेर फेकली जाते. वाऱ्याचं ओझं मात्र वजनाशिवायचं. शिवाय वेग दुप्पट झाला, की हा दाब चौपट होतो. उडण्याचं साधन जमिनीला बांधण्यासाठी वापरायचं, ही कल्पना आम्हा कवींना का सुचली नाही, याचं मला वैषम्य वाटतं.

ती सुचली मायकेल मे नावाच्या स्वित्झर्लंडच्या तरुण अभियंत्याला, आणि तीही चॅपरलच्या अकरा वर्षं आधी. १९५६ साली जर्मनीत न्यूरबर्गरिंगच्या एक हजार किलोमीटरच्या शर्यतीला तो आपली छोटी पोर्शे ५५० घेऊन आला. चालकाच्या डोक्यावर छपरासारखा पंख होता आणि बसल्या जागेवरून त्याचा कल बदलता येत होता. सरावात गाडी अशी पळाली, की सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. मग अधिकाऱ्यांनी नियमावर बोट ठेवलं. पंखामुळे मागून येणाऱ्यांना पुढचं दिसत नाही, सबब काढून टाका. मेने पंख उतरवला. पुढे इंजिनांच्या कामात त्याने मोठं नाव कमावलं. १९८१च्या जग्वारच्या बारा सिलिंडरच्या इंजिनात त्याचीच रचना वापरली गेली. पंखाची गोष्ट मात्र दहा वर्षं मागे पडली.

चॅपरलचं वैशिष्ट्य नुसत्या पंखात नव्हतं. पंखाचे खांब गाडीच्या अंगावर उभे नव्हते. चाकं ज्या भागाला जोडलेली असतात, त्यावरच ते टेकलेले होते. त्यामुळे वाऱ्याचा दाब स्प्रिंग न दाबता थेट टायरवर जाई. गिअरच्या खास रचनेमुळे या गाडीला क्लचचं पेडल नव्हतं, म्हणजे डावा पाय मोकळा. त्या पायाखाली पंखाचं पेडल दिलं. सरळ रस्त्यावर ते दाबलं, की पंख आडवा होऊन वारा कापी. वळण आलं, पाय उचलला, की पंख पुन्हा कलून गाडीला दाबून धरी. पाय चुकून सुटला, तरी गाडी सुरक्षित बाजूलाच राहावी, ही योजना मला फार आवडते.

त्या वर्षी ही गाडी वेगवान होती, पण बहुतेक शर्यतींत मध्येच थांबली. गिअरबॉक्स एवढा भार सोसत नसे. ल माँलाही तेच झालं. अखेर ३० जुलै १९६७ला इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या सहा तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि माइक स्पेन्स यांनी तिला पहिली आणली. हिलची ती शेवटची शर्यत. १९६८पासून अशा गाड्यांच्या इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आली आणि सात लिटरची चॅपरल घरी बसली.

तिचा पंख मात्र इतरांनी उचलला. फॉर्म्युला वनमध्ये उंच, बारीक खांबांवरचे पंख आले आणि मोडूही लागले. मे १९६९मध्ये बार्सिलोनात लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख एकाच शर्यतीत कोसळले. ग्रॅहॅम हिल बचावला, योखेन रिंट जखमी झाला. पुढच्याच मोनाकोच्या शर्यतीत, सराव सुरू असताना, उंच पंखांवर बंदी आली. नंतर पंख आले ते बुटके आणि गाडीच्या अंगाला घट्ट बसवलेले.

एवढ्या लढ्यानंतर पंख कोणी आपणहून टाकील, असं वाटलं नव्हतं. जुलै २०२२मध्ये इटलीतल्या मोंझाला फ्रान्सच्या प्यूजोची ‘नाइन-एक्स-एट’ उतरली, तिला मागचा पंखच नव्हता. गाडीच्या पोटाखालून वाहणारा वाराच तिला पुरेसा खाली ओढील, असा हिशेब होता. गाडी देखणी, पण पंखाविना ती एकही शर्यत जिंकली नाही. मार्च २०२४मध्ये कतारला दुसऱ्या क्रमांकावर असताना ऐन शेवटी तिचं इंधन संपलं. पुढच्याच महिन्यात इमोलाला ती टायरांची मापं बदलून आणि मागे पंख लावून आली.

त्या दिवशी भाच्याचा फोन आला, ‘मामू, पंख परत आला!’