झडतीची किंमत

विमानात चढण्यापूर्वी प्रत्येकाची झडती घेणे ही प्रथा विमानप्रवासाइतकीच जुनी असावी, असा आपला समज असतो. अमेरिकेत ती सक्तीची झाली ५ जानेवारी १९७३ रोजी. त्याआधीच्या पाच वर्षांत तेथे विमान-अपहरणाचे शंभराहून अधिक प्रयत्न झाले होते, तरी विमान कंपन्यांचा विरोध कायम होता. झडतीचा खर्च आणि रांगांना कंटाळून दुरावणारे प्रवासी यांपेक्षा अपहरणकर्त्याला क्यूबात नेऊन सोडणे त्यांना स्वस्त वाटे. नोव्हेंबर १९७२ मध्ये सदर्न एअरवेजचे विमान पळवणाऱ्यांनी ते ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली आणि हा हिशेब कोलमडला.

झडती सुरू झाली, अपहरणे झपाट्याने घटली. येथे इतिहासकाराने घाई करू नये, असे आम्हांस वाटते. अपहरणकर्त्यांना परत पाठवण्याचा वा शिक्षा करण्याचा अमेरिका-क्यूबा करार फेब्रुवारी १९७३ मधलाच. यंत्राचे यश किती आणि बंद झालेल्या आश्रयाचे किती, हे वेगळे काढणे अवघड. श्रेय मात्र यंत्राला मिळाले.

खर्च कंपन्यांच्या माथी होता. त्यांनी तो कमीत कमी बोलीच्या ठेकेदारांकडे ढकलला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००० साली जे नोंदवले ते वाचून आम्ही थक्क झालो: १९९८-९९ मध्ये १९ मोठ्या विमानतळांवर तपासनीस नोकरी सोडण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी १२६ टक्के, एका ठिकाणी ४१६! म्हणजे एका खुर्चीवर वर्षभरात चार माणसे येऊन गेली. अनेक ठिकाणी विमानतळावरच्या खाद्यगृहांतील नोकरांचा पगारही त्यांच्याहून अधिक होता.

११ सप्टेंबर २००१ नंतर दोष याच माणसांवर आला. वास्तविक चार इंचांहून लहान पाते तेव्हा नियमात बसत होते. त्याच नोव्हेंबरात झडती सरकारी यंत्रणेकडे सोपवण्याचा कायदा झाला. पगार वाढले, खर्चही प्रचंड वाढला. तरीही २०१५ मध्ये फुटलेल्या गुप्त चाचणीच्या अहवालानुसार, ७० पैकी ६७ वेळा निषिद्ध वस्तू आत गेली.

या गदारोळात एका साध्या वस्तूकडे फारसे कोणी पाहिले नाही: वैमानिकाच्या कक्षाचे मजबूत दार. एप्रिल २००३ पर्यंत ते बसवणे अमेरिकेत सक्तीचे झाले. मार्क स्टुअर्ट आणि जॉन म्यूलर या अभ्यासकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला. त्यात दाराचा खर्च सार्थ ठरला, विमानातील सशस्त्र रक्षकांचा नाही.

आम्हीही या दाराच्या बाजूचेच. मात्र मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या विमानात सहवैमानिकाने तेच दार आतून बंद केले आणि कप्तान बाहेर ते ठोठावत राहिला. विमानातले १५० जण आल्प्समध्ये मरण पावले.