होडीचे जुने इंजिन पारखताना



मोटर म्हटले की आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला आधी विहिरीवरची मोटर आठवते, आणि जरा वयस्कर माणसाला तिच्याही आधीची मोट. होडीच्या पाठीमागे टांगावयाची मोटर आपल्याकडे फारशी कुणाच्या ओळखीची नाही, आणि ते साहजिकच आहे. आपली गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरातून उतरते ती उथळ आणि खडकाळ. पुरात ती दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी येते, आणि उन्हाळ्यात तिच्यातून माणसे चालत जातात. अशा नदीवर नावाड्यांची मोठी परंपरा कुठून यावी?

पण धरणे झाली आणि चित्र पालटले. दारणेचे धरण १९१६ मध्ये, गंगापूरचे १९६५ मध्ये, गिरणेचे १९६९ मध्ये पुरे झाले. जिथे ज्वारी-बाजरीची शेते होती तिथे मैलोन्‌मैल पाणी पसरले आणि त्या पाण्यावर मासेमारी करणारी कुटुंबे जगू लागली. कुणी तराफ्यावर, कुणी हवा भरलेल्या ट्यूबवर, कुणी लहानशा होडीत. भर पाण्यात वारा उठला म्हणजे वल्ही मारून खांदे भरून येतात, आणि मग एखाद्याच्या मनात येते की जुने का होईना, एक इंजिन घ्यावे. नवे परवडत नाही. जुन्यात फसलो तर वर्षाची कमाई बुडते, आणि ते मध्येच बंद पडले तर त्याहून अधिक काही बुडू शकते. म्हणून आज या यंत्राचा थोडा इतिहास सांगतो. तो ठाऊक असला की पारख निम्मी सोपी होते, असे माझे मत आहे.

हे यंत्र तसे फार जुने नाही. १८८१ मध्ये पॅरिस शहरात गुस्ताव त्रूव्हे नावाच्या गृहस्थाने सीन नदीत विजेवर चालणारी एक छोटी मोटर होडीला लावून दाखविली. ती काढता-घालता येत असे. पण घरोघर पोहोचले ते पेट्रोलचे इंजिन, आणि त्याचे श्रेय मुख्यत्वे ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराकडे जाते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात त्याने १९०९ पासून आपली इंजिने विकावयास काढली. उन्हाळ्याच्या दिवसांत तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना ते वितळून गेले आणि त्याला ही कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. इतिहासाच्या मास्तराने अशा गोष्टी जरा जपूनच सांगाव्यात! त्या इंजिनाची ताकद दीड अश्वशक्ती आणि वजन सुमारे २८ किलो. लोखंडाचे धूड. मग १९२१-२२ च्या सुमारास एव्हिनरूडने स्वतः आणि जॉन्सन बंधूंनी ॲल्युमिनियमची हलकी इंजिने काढली, आणि एका माणसाला ते खांद्यावर टाकून नेता येऊ लागले.

इथे जरा थांबा. वजन कमी झाले, पण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम कुजते. लोखंडाचा गंज लाल असतो, तो चटकन दिसतो. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि ती रंगाखाली लपते. आपल्या बाजूला येणारे जुने इंजिन बहुधा कसारा घाट चढूनच येणार : मुंबईच्या दारूखान्यातून, जिथे मोडीत काढलेल्या जहाजांचे सामान विकले जाते, किंवा कोकणातून, जिथे मालवण-तारकर्लीकडे फायबरच्या होड्यांना अशी इंजिने लावतात. म्हणजे ते खाऱ्या पाण्यात वावरलेले असणार. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो 'किती वर्षांचे' हा नव्हे. 'कुठल्या पाण्यात चालले आणि रोज गोड्या पाण्याने धुतले का' हा विचारावा. वरचे झाकण काढून आतले बोल्ट पाहा. पांढरी भुकटी, फुगलेला रंग, डोके झिजलेले स्क्रू दिसले की समजा. आणि एकंदर इंजिन जुने पण रंग मात्र कालचा, असा थाट असेल तर दोन पावले मागे या. बाजारात विकायला आणलेल्या बैलाची शिंगे कशासाठी रंगवतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जुन्यांमध्ये टिकाऊपणाबद्दल नाव झाले ते इंग्लंडच्या ब्रिटिश सीगलचे. हे १९३१ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे निघाले, पुढे पूल या बंदरगावी त्याचा कारखाना गेला, दुसऱ्या महायुद्धात आरमारासाठी ते मोठ्या संख्येने बनविले गेले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पादन थांबले. दिसायला ओबडधोबड. वर झाकण नाही, चक्राला हाताने दोरी गुंडाळावी आणि खेचावी. पण त्यात बिघडण्यासारखे भागच थोडे, आणि जे आहेत ते उघड्यावर, पाना घातला की हातात येणारे. जुन्या सीगलमध्ये दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल घालावे लागे, म्हणून धूर भरपूर. त्याची आणखी एक खोड अशी की, त्याच्या गिअरपेटीत थोडे पाणी शिरतेच, त्यामुळे तिथले तेल पांढरट झालेले दिसते. इतर कुठल्याही इंजिनात हीच गोष्ट दिसली तर तो मोठा दोष, आणि सीगलमध्ये तो बनावटीचाच भाग! यंत्राचा इतिहास का ठाऊक असावा, ते यावरून ध्यानात येईल.

यानंतर जपानी आले. तोहात्सूचे पहिले इंजिन १९५६ चे, यामाहाचे १९६० चे, सुझुकीचे १९६५ चे. १९८० च्या दशकात केरळच्या कोळ्यांनी आपल्या पारंपरिक होड्यांना जपानी इंजिने लावली आणि ती रॉकेलवर चालविली. तिकडे अमेरिकेत एव्हिनरूड आणि जॉन्सन ज्या एका कंपनीत नांदत होते, तिचे २००० मध्ये दिवाळे वाजले, आणि एव्हिनरूड नावाचे उत्पादन २०२० मध्ये कायमचे बंद झाले. म्हणून नाव मोठे आहे एवढ्यावर जाऊ नका. भाग मिळतात का ते आधी शोधा, मग बयाणा द्या. माझे विचाराल तर आपल्याकडच्या माणसाने लहान जपानी इंजिन पाहावे. सीगलचे कौतुक करावे, पण भागांची सोय हाताशी असल्याशिवाय घेऊ नये.

आता प्रत्यक्ष परीक्षा. ही बहुतेक इंजिने दोन झटक्यांची, म्हणजे जुनी बजाज स्कूटर किंवा लूना होती त्याच जातीची. तेव्हा गावातला जुना स्कूटर-मिस्त्री बरोबर न्या, तो निम्म्या गोष्टी कानानेच सांगेल. इंजिन थंड असताना पोहोचा, सिलिंडरला हात लावून बघा. गरम लागले तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवले आहे, आणि थंड इंजिन चालू व्हायला किती छळते ते तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. चक्र हाताने सावकाश फिरवा : दट्ट्या वर येताना हाताला स्प्रिंगसारखा रेटा जाणवला पाहिजे. नुसतेच गरगर फिरले तर कड्या झिजल्या आहेत. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचा रेटा सारखा हवा. प्लग काढून, तो इंजिनाच्या अंगाला टेकवून, पेट्रोलपासून दूर ठिणगी पाहा. निळी, ठसठशीत हवी.

मग खालची गिअरपेटी. तिचा तळाचा स्क्रू किंचित सैल करा. आधी पाणी आले, किंवा तेल ताकासारखे पांढरे निघाले, तर सील गेले आहे (सीगलचे सोडून). तेलात चकाकणारा चुरा दिसला तर सौदा तिथेच मोडा. पंखा फिरवून दांडा वाकडा नाही ना ते बघा. पंख्याला एक छोटी पिन असते, तिचे काम मुद्दाम तुटण्याचे. पंखा दगडावर किंवा बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावर आदळला की ती तुटते आणि गिअर वाचतात. आपल्या धरणांत उन्हाळ्यात पाणी उतरले की बुंधे आणि जुन्या बांधांचे दगड वर येतात, म्हणून ही पिन फार मोलाची. काही बहाद्दर तिथे खिळा ठोकून ठेवतात! तसे आढळले तर आतल्या गिअरांनी काय काय सोसले असेल याचा विचार करा.

शेवटी दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरून इंजिन वीस मिनिटे चालवा. कोरडे चालवू देऊ नका, पाणी ओढणारा आतला रबरी पंखा क्षणात जळतो. मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. ती थांबली तर मिठाने वाटा बुजल्या असतील. मग बंद करा, पाच मिनिटे थांबा, आणि पुन्हा दोरी ओढा. थंड असताना चालू होणारी कितीतरी इंजिने गरम झाल्यावर हटून बसतात, आणि तुमच्यावर तो प्रसंग येईल तो भर धरणात. होडीची मागची फळी आधी मोजून न्या, कारण दांड्याच्या लांबीत आखूड-लांब असे प्रकार असतात. दहा-बारा फुटी होडीला दोन ते चार अश्वशक्ती पुष्कळ. क्रमांकाची पट्टी उपटलेली असेल तर ते इंजिन चोरीचे समजावे.

गुरुजी मंडळींसाठी दोन शब्द अधिक. अशा इंजिनावर पुरात कुणाला वाचवायला जाऊ नये, विद्यार्थ्यांनाही हे सांगावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली होडी कृष्णेच्या पुरात उलटली आणि कित्येकांचे प्राण गेले. पुरातली होडी हे शिकलेल्या पथकाचे काम आहे. दुसरे असे की, जुन्या दोन झटक्यांच्या इंजिनातून इंधनाचा बराच हिस्सा न जळताच पाण्यात जातो. अमेरिकेत टाहो सरोवरावर अशा इंजिनांना १९९९ मध्ये बंदी झाली ती यामुळेच. गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते. तिथे असे धुराडे नेऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. नांदूरमध्यमेश्वर तर पक्ष्यांचे अभयारण्य, त्याचे नावच काढू नका. इतर धरणांवरही जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि यंत्राच्या होडीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. पैसे मोजण्यापूर्वी तिकडे चौकशी करावी.

आणि पेट्रोलचे. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. उसाच्या गावांना त्याचा फायदा आहे, पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. इंजिन घेतल्यावर नळ्या आणि कार्बोरेटरची रबरी वॉशरे नवीन घाला, आणि हंगाम संपला की टाकी व कार्बोरेटर रिकामे करून मगच इंजिन उभे टांगून ठेवा.