सबप्रोसेस (पायथन)

सबप्रोसेस हे पायथन या संगणकीय भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील एक मॉड्यूल आहे. चालू प्रोग्रॅममधून बाहेरील स्क्रिप्ट किंवा प्रोग्रॅम चालवणे, त्याचे आउटपुट मिळवणे आणि तो यशस्वी झाला की नाही हे तपासणे यांसाठी त्याचा वापर होतो.

इतिहास

या कामासाठी पायथनमध्ये पूर्वी अनेक स्वतंत्र फंक्शने होती. त्यांपैकी ओएस मॉड्यूलमधील 'सिस्टम' हे फंक्शन आज्ञा चालवते; मात्र आउटपुट थेट टर्मिनलवर जाते व मूळ प्रोग्रॅमला केवळ निर्गम स्थिती कळते. या सर्वांऐवजी एकच मॉड्यूल असावे, असा प्रस्ताव (पेप ३२४) पीटर ऑस्ट्रँड यांनी २००३ साली मांडला. २००४ मध्ये पायथन २.४ या आवृत्तीत सबप्रोसेसचा समावेश झाला. 'रन' हे सुटसुटीत फंक्शन पायथन ३.५ मध्ये (२०१५) आले.

कार्यपद्धती

बाहेरील स्क्रिप्ट ही स्वतंत्र अपत्य प्रक्रिया म्हणून चालते. आउटपुट हवे असल्यास तिचा प्रमाण आउटपुट प्रवाह एका पाइपला जोडला जातो आणि मूळ प्रोग्रॅम पाइपच्या दुसऱ्या टोकाकडून वाचतो. त्रुटिसंदेशांचा प्रवाह वेगळा असतो. तो स्वतंत्रपणे किंवा आउटपुटमध्येच मिसळून घेता येतो. आउटपुट मुळात बाइट्सच्या स्वरूपात मिळते. त्याचे मजकुरात रूपांतर करताना योग्य एन्कोडिंग न दिल्यास देवनागरी अक्षरे बिघडू शकतात.

निर्गम संकेतांक ० असल्यास स्क्रिप्ट यशस्वी झाली असे मानले जाते. अन्य संकेतांक आल्यास 'रन' आपणहून अपवाद उत्पन्न करत नाही. त्यासाठी 'चेक' हा पर्याय द्यावा लागतो.

परस्पर खोळंबा

पाइपची क्षमता मर्यादित असते. लिनक्सवर ती सामान्यतः ६५,५३६ बाइट्स असते. मूळ प्रोग्रॅम आउटपुट न वाचता स्क्रिप्ट संपण्याची वाट पाहू लागल्यास, पाइप भरताच स्क्रिप्ट लिहिताना थांबते आणि दोन्ही प्रक्रिया एकमेकींसाठी खोळंबून राहतात. 'कम्युनिकेट' ही मेथड दोन्ही प्रवाह सतत वाचत असल्याने हा प्रसंग टळतो. 'रन' अंतर्गत हीच मेथड वापरते.

सुरक्षितता

आज्ञा व तिचे घटक यादीच्या रूपात दिल्यास प्रत्येक घटक जसाच्या तसा प्रोग्रॅमकडे पोहोचतो. 'शेल' हा पर्याय चालू करून आज्ञा एकाच ओळीत दिल्यास तिचा अर्थ शेल लावते. अशा ओळीत वापरकर्त्याने दिलेले फाइलनाव जोडले आणि त्यात अर्धविराम व दुसरी आज्ञा दडलेली असली, तर युनिक्सच्या शेलमध्ये तीही चालते. या हल्ल्यास शेल इंजेक्शन म्हणतात.